मंगची घंटी

टेबलावर पितळी घंटी होती. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वरून दाबली की टिंग करणारी. सॉफ्ट स्किल्सचे सर म्हणाले, "चुकलं की ही वाजेल." हॉलमध्ये जालन्याच्या आमच्या कॉलेजचं अख्खं फायनल इयर बसलेलं. मला माईकसमोर उभं केलं.

"प्रोजेक्ट सांग. मराठीत चालेल, पण शुद्ध."

प्रोजेक्ट होता मोसंबीची प्रतवारी करणाऱ्या मशीनचा. लहान, मध्यम, मोठी मोसंबी आपापल्या खणात पडायची. वेल्डिंग मी केलेलं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी सुरुवात केली.

"आधी फ्रेम बनवली. मंग मोटर बसवली."

टिंग.

काय चुकलं ते कळेना. "मंग रोलरमधलं अंतर..." टिंग. पोरं हसली. मी बावरले आणि बावरल्यावर तर तोंडात दुसरा शब्दच येईना. मंग, टिंग. मंग, टिंग. शेवटी शेवटी पोरंच घंटीच्या आधी टिंग म्हणायला लागली.

"कुठली तू?"

"बदनापूर."

"बदनापुरात कुठं?"

"विहाराच्या मागं."

"अच्छा," सर म्हणाले. या अच्छाचा अर्थ आम्हाला लहानपणापासून बराबर कळतो.

"घरी असं कोण बोलतं?"

"आई."

"मग आईला घरीच ठेवून येत जा. इंटरव्ह्यूला सोबत आणू नकोस."

हॉल पोट धरून हसला. मी माईकला धरून उभी. डोक्यात एकच फिरत होतं. सर आत्ता स्वतः 'मग' म्हणाले. त्यांच्या मगला घंटी नव्हती. फरक एका टिंबाचा. मशीन मी बनवलेलं आणि त्या हॉलमध्ये मी उरले ती एका टिंबाएवढी.

त्या मंगचं काय आहे ते सांगते. माझ्या आईला वाचता येत नाही. आयुष्य दुसऱ्यांच्या मोसंबीच्या बागांत मजुरी करण्यात गेलं. विहारातून मी गोष्टींची, इतिहासाची पुस्तकं आणायचे आणि ती भाकरी थापायला बसली की वाचून दाखवायचे. मी थांबले की ती तव्यावरची नजर न काढता म्हणायची, "मंग?" त्या एका शब्दासाठी मी पान उलटायचे. मी ऐकून राह्यले, तू सांग, पुढं काय झालं, एवढं सगळं त्यात असायचं. मला बोलतं तिनं केलं. सरांनी गप्प केलं.

कॉलेजच्या लायब्ररीतही तसल्या पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याला कुलूप. किल्ली मागितली तर ग्रंथपाल म्हणाले, "मेकॅनिकलच्या पोरीला हे कशाला? सिलॅबसमध्ये आहे का?" नव्हतं. सिलॅबसमध्ये काय होतं? टाय कसा बांधायचा, हात किती दाबून मिळवायचा, खुर्चीत कसं बसायचं. समोरच्याचं ऐकायचं कसं, हे कुठल्याच तासाला नव्हतं.

मी मंग सोडला. खरं तर बोलणंच सोडलं. कॅम्पस इंटरव्ह्यूत विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली. जालन्यातल्याच बियाण्यांच्या कारखान्यात मशीन सांभाळायची नोकरी लागली. तिथंही मान खाली आणि काम चोख. मुकी बाई म्हणायचे मला. म्हणू द्या, असं मीच मला सांगायचे.

मंग कौसाबाईची बोटं गेली.

कौसाबाई बियाणं निवडायच्या पट्ट्यावर होती. फिरत्या पट्ट्याशेजारी बाया ओळीनं उभ्या राहतात आणि किडकं, फुटकं बी वेचून काढतात. पट्ट्याच्या रोलरमध्ये तिची दोन बोटं चिरडली. चौकशीला आमच्यातला एक इंजिनीअर गेला. इंग्रजी फाडफाड बोलणारा. त्यानं तिला विचारलं, "सेफ्टीचे नियम सांगितले होते ना? हो की नाही?" ती म्हणाली, "व्हय." झाली चौकशी. कामगाराचा निष्काळजीपणा.

मला ते पटेना. ती बदनापूरचीच, आमच्या गल्लीच्या पलीकडची. मी तिच्या घरी गेले. कारखान्यात ती मला मॅडम म्हणायची. घरी म्हणाली, "ये माय, बस." हाताला पांढरं बँडेज.

"बी अडकल्तं रोलरमंदी," ती म्हणाली. "म्या हात घातला." आणि गप्प झाली.

आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मंग?"

कितीक वर्षांनी. कौसाबाईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि तिचं तोंड मोकळं झालं.

"पट्टा थांबवायचं बटन सुपरवायझरच्या टेबलापाशी हाय. थांबवा म्हनलं की त्यो खवळतो. मागं पट्ट्यावरची रुक्मिनी गेल्ती सांगायला. दुसऱ्या दिशी तिला गेटवरूनच वापस लावलं."

"मंग?"

"मंग काय. तवापासून समद्या बाया चालू पट्ट्यातच हात घालून राह्यल्या. काम गेलं तर काय करावं माय? मपल्या हाताचं असं झालं, एवढंच."

घरी येताना मला नुसता संताप येत होता. त्या पट्ट्याचं डिझाइन करणाऱ्यानं मोटर, वेग, भार, सगळं अचूक काढलं असणार. बाई बटणापर्यंत जायला का भिते, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मलाही नाही. ते शिकवणारी पुस्तकं कुलपात होती, आणि ते विचारणाऱ्या शब्दावर घंटी होती.

अपघाताची मीटिंग बोलावली. मॅनेजरच्या शेजारी कोण बसलेलं? तेच सर. जालन्यात असे सर मोजकेच, कॉलेजांत तेच आणि कारखान्यांतही तेच. आता ते आम्हाला सकारात्मक संवाद शिकवणार होते. म्हणाले, "अपघात हा शब्द टाळा. शिकण्याची संधी म्हणा."

दोन बोटांची संधी.

मी उभी राहिले. माझं प्रमोशन त्याच महिन्यात ठरणार होतं, हे मला पक्कं माहीत होतं. "मी कौसाबाईच्या घरी गेले होते," मी म्हणाले. "बी अडकलं. मंग तिनं..."

टिंग.

सरांनी पेन काचेच्या ग्लासावर वाजवलं होतं. हसत. त्यांनी मला ओळखलं होतं.

"अजून आईला सोबत आणतेस का?"

दोघंचौघं हसले. मी थांबले. सर वाट बघत होते, मी बावरायची.

"हो, आणलीय," मी म्हणाले. "तिनं विचारलं असतं ते तुम्ही कुणी विचारलं नाही. म्हणून मी विचारून आले. मंग आता ऐका."

आणि सगळं सांगितलं. बटण कुठं आहे ते. रुक्मिणीला गेटवरून का परत पाठवलं ते. जितके मंग आले तितके येऊ दिले. पेन पुन्हा वाजलं नाही.

मॅनेजर म्हणाले, "बघू." त्यांनी काही बघितलं नाही. माझं प्रमोशन गेलं. कारण काय दिलं? संवादकौशल्य कमी. बटण आहे तिथंच आहे. रुक्मिणी घरी आहे. सरांचे वर्ग चालू आहेत, घंटीसकट.

सॉफ्ट व्हा, सॉफ्ट बोला. कुणी व्हायचं सॉफ्ट? ज्याची बोटं गेली त्यानंच?

अपघात सरकारला कळवावाच लागतो, म्हणून आता सरकारी साहेब चौकशीला येणार आहेत. कौसाबाईला बोलावलंय. मला वरून निरोप आलाय की तू त्या खोलीत येऊ नकोस, तुझं काम नाही. मी जाणार आहे. नोकरी राहील तर राहील. कौसाबाईच्या शेजारी खुर्ची ओढून बसणार आहे. साहेबासमोर ती घाबरेल, दोन वाक्यं बोलून गप्प होईल. सगळे म्हणतील, झालं, संपलं. तेव्हा मी सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, टिंबासकट तिला विचारणार आहे.

मंग?