कबरीवरची पंखवाली बाई

नवरा गेला तेव्हा त्याच्या अस्थी मी गराजमध्ये ठेवल्या. अस्थी घरात आणायच्या नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. बाहेर झाडाला बांधाव्यात तर नोव्हायच्या आमच्या अमेरिकन शेजाऱ्यांनी पोलीसच बोलावले असते. सासूबाई नागपूरहून आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, गराजला घराचंच छप्पर आहे, म्हणजे ते घरच झालं. माझं डोकंच फिरलं. मग काय डोक्यावर घेऊन फिरू, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. एकुलता एक मुलगा गेला होता त्यांचा.

खरा पेच पुढेच होता. सासूबाईंना सगळ्या अस्थी गोदावरीत सोडायच्या होत्या, कणही मागे न ठेवता. माझी लेक, इथेच जन्मलेली, अकरावीतली, हट्टालाच पेटली होती की थोड्या तरी इथल्या सिमेट्रीत पुरायच्या आणि वर दगड बसवायचा. बाबाला भेटावंसं वाटलं तर मी कुठे जायचं, असं तिचं म्हणणं. ती इंग्लिशमध्ये भांडायची, आजी मराठीत, आणि एकीचं दुसरीला सांगता सांगता माझा जीव मेटाकुटीला आला होता. दोघींचंही मला पटत होतं, हेच तर दुखणं. आणि गोदावरीला जायची विमानाची तिकिटं तर काढून झाली होती.

त्या रविवारी लेकीनं आजीला शहरातल्या म्युझियममध्ये नेलं, मला ड्राइव्ह करायला घेऊन. ग्रीक दालनात घोड्याच्या धडाचे पुरुष, बोकडाच्या पायांचे पुरुष, सगळे पांढऱ्या संगमरवराचे, कुणाचा हात गेलेला, कुणाचं नाक. खंडित मूर्ती अशा मांडून ठेवतात का, म्हणून सासूबाई नाराजच होत्या. एका मूर्तीपाशी मात्र त्या थांबल्या. वर बाई, मागे पंख, खाली पक्ष्याचे पाय. एका हातानं केस ओढतेय, दुसरा छातीवर. आपल्या देवळांवर असतात तशी किन्नरी म्हणावं, तर त्या गातात-वाजवतात. ही ऊर बडवत होती.

ही कोण, त्यांनी विचारलं. लेकीनं सांगितलं, मी मराठीत केलं: ही सायरन. तिकडे तरुण पोर गेलं की आईबाप त्याच्या कबरीवर हिला बसवायचे, त्याच्यासाठी रडायला.

सासूबाई मूर्तीच्या अगदी जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "शहाणे होते ते लोक. आईबाप आज आहेत, उद्या नाहीत. मागे रडायला कुणीतरी ठेवून गेले."

मला ते झोंबलं. म्हणजे मी कुणीच नाही?

"मी आहे ना, आई," मी जरा तोडूनच म्हणाले.

"तू नाही," त्या म्हणाल्या. "तुझं वय आहे का गं जन्मभर रडायचं? पोरीला पुरू दे थोड्या. वर दगड बसवा चांगला. रडायचं ते त्या दगडाला रडू दे. तू रडत बसायचं नाहीस."

आजी हो म्हणाली, एवढं लेकीला कळलं. तिनं आजीचा हात घट्ट धरला. मी तिथल्याच बाकावर बसले आणि चारचौघांत, लाजलज्जा सोडून हुंदके देऊन रडले. सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत उभ्या होत्या. बघत मात्र होत्या त्या मूर्तीकडे.