सांगलीत न उघडलेली तिसरी फ्लॉपी

मुलांनो, पणजीच्या पुस्तिकेची मूळ फाईल पाठव म्हणून तुम्ही दोघांनी मला तीनदा सांगितलंत, आणि मी तीनदा "शोधते" म्हणून टाळलं. ती फाईल नाही. का नाही, हे सांगणारी माणसं आता दोनच उरली आहेत, मी आणि तुमचे सांगलीचे आजोबा. त्यांची हकिगत माझ्याआधी तुमच्यापर्यंत पोहोचू नये असं मला वाटतं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं होती. साताऱ्याच्या शाळेतून इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी कॉम्प्युटर घेतला आणि सासूबाईंचं, म्हणजे तुमच्या पणजीचं, आयुष्य, त्या सांगतील तसं, लिहून काढायचं ठरवलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. पाटणकडचं लहानपण, तिथे राखलेल्या म्हशी, धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं, दोन मुलांची शिक्षणं, असं त्या दुपारी सांगायच्या. मी वहीत उतरवायची, संध्याकाळी टाइप करायची आणि वहीतलं पान फाडून टाकायची. एका मजकुराच्या दोन प्रती ठेवल्या की खरी कोणती हा घोळ होतो, असं माझं तेव्हा मत होतं. त्या वर्षी सासूबाईंची आठवण विरायला लागली होती. काल सांगितलेलं आज त्यांना पुन्हा सांगता येत नसे. टाइप झालं तेवढंच हाती राहणार होतं.

छपाईचं काम धाकट्या दिरांकडे, तुमच्या सांगलीच्या आजोबांकडे, होतं. ते सांगलीला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. लिखाण आणि स्कॅन केलेले फोटो एका फ्लॉपीत मावेनात, तेव्हा त्यांनी मला फाईल दाबून लहान करणारा एक प्रोग्राम बसवून दिला. त्याचा गाभा त्यांनी लिहिलेला नव्हता. परदेशातल्या दोन माणसांनी लिहून जगाला मोकळी करून दिलेली ती लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, होती, कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडीवर आलेली.

"फुकट का देतात?" मी विचारलं.

"वहिनी, असतात जगात चांगली माणसं."

"असतील. पण आपल्या फाईलमध्ये डोकावून ती काय बघतात?"

"आईच्या म्हशी," दीर म्हणाले.

फाईल दाबताना प्रोग्राम एक आकडा दाखवायचा. वाटेत एक अक्षर जरी बदललं, तरी उघडताना आकडा वेगळा येणार. तो मी दर वेळी वहीत टिपून ठेवायची.

पहिल्या दोन फ्लॉप्या नीट पोहोचल्या. तिसरीच्या वेळी मात्र मी सावध झाले, कारण तिच्यात दिरांची गोष्ट होती. सांगलीला कॉलेजात शिकताना त्यांनी आपण कोण, कुठले, हे मित्रांपासून लपवलं होतं. एकदा सासूबाई भाकरी बांधून एसटीनं त्यांच्या खोलीवर गेल्या, आणि दारात, मित्रांसमोर, मुलानं आईला ओळख दिली नाही. सासूबाईंनी हे मला न रडता सांगितलं होतं. आता ते छापणार कोण, तर तेच दीर.

"माझ्याकडे फाईल उघडलीच नाही," असं म्हणायला त्यांना जागा राहू नये म्हणून मी त्या भागाची साध्या मजकुराची फाईल केली. असली फाईल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते असं मी वाचलं होतं. यादीत साध्या मजकुराचे दोन-तीन प्रकार होते. मी सर्वांत जुना, म्हणून सर्वांत विश्वासाचा, प्रकार निवडला. पडद्यावर सगळं नीट दिसत होतं. मग मूळ फाईल पुसली, नवी दाबली, आकडा टिपला आणि फ्लॉपी पाठवून दिली.

दोन दिवसांनी फोन आला. "वहिनी, तिसरीत नुसता कचरा आहे."

"आणि पहिल्या दोन?"

"त्या छान आहेत."

"मग हीच बरी बिघडली!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी सांगलीला गेले. पडद्यावर मराठीच्या जागी चौकटी, आडव्या रेघा, भलतीच चिन्हं. मी वही काढून आकडा ताडून पाहिला. तोच होता.

"प्रोग्राम तुमचा, आकडाही तुमचाच. त्याची साक्ष कोण धरणार?" मी म्हणाले.

दिरांनी लायब्ररीच्या प्रोग्रामचा छापलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "घ्या. इंग्रजी तुमचं पक्कं आहे. चोर सापडला तर हाक मारा."

मी लाल पेन घेऊन दुपारभर वाचलं. प्रोग्राम कळला नाही, पण वर लिहिलेल्या परवान्याचं इंग्रजी कळलं. कुणीही वापरा, हवं तर बदला, पण बदल केलात तर तो केला असं स्पष्ट नोंदवा, आणि हे मुळात तुम्हीच लिहिलं असं सांगू नका. त्या दोघांवरचा माझा संशय तिथे थोडा ढिला पडला. दिरांवरचा नाही.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "फाईल कुठल्या प्रकारात ठेवली होती?" मी सांगितलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. आपला मराठी फॉन्ट युरोपातल्या अक्षरांच्या जागांवर बसवलेला होता. मी निवडलेल्या जुन्या प्रकारात त्या जागा वेगळ्या होत्या. कॉम्प्युटरनं अक्षरं इकडची तिकडे हलवली, आणि ज्यांना जागा मिळाली नाही त्यांची सरसकट रेघ केली.

"म्हणजे बिघाड साताऱ्यातच झाला, दाबायच्या आधी. लायब्ररीनं तुमचा कचरा जसाच्या तसा पोहोचवला. मूळ फाईल असेल ना?"

"पुसली."

"वही?"

"फाडली."

मी चार दिवस राहिले. डावीकडे दिसणारं चिन्ह, उजवीकडे खरं अक्षर, असा तक्ता मी पहिल्या दोन भागांशी ताडून केला, आणि दिरांनी त्यावरून अक्षरं जागेवर आणणारा प्रोग्राम लिहिला. बहुतेक मजकूर परत आला. सासूबाईंचं "न्हाई" आणि "तवा" पुन्हा दिसलं तेव्हा मला किती हायसं वाटलं, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. रेघा झालेल्या जागी मात्र अर्थ लावूनच भरायचं होतं. तिथे मी चौकटी कंस घातले, म्हणजे हे आमचं आहे हे वाचणाऱ्याला कळावं.

शेवटी एक जागा राहिली. दारात मुलगा मित्रांना काय म्हणाला, ती ओळ. तिथे जवळजवळ नुसत्या रेघा होत्या. मला आठवत होतं. सासूबाईंनी "वळखीची बाई हाय" असं सांगितलं होतं. पण ते न सांगता मी पान दिरांपुढे सरकवलं. "इथे काय असेल?"

त्यांनी ते पान पहिल्यांदाच वाचलं. मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन लिहिलं, "आमच्याकडे भांडी घासायला येते."

"त्यांनी असं नाही सांगितलं. ओळखीची बाई, एवढंच म्हणाल्या."

"आईनं तसं सांगितलं असेल," ते म्हणाले. "मी म्हणालो ते हे."

परतीच्या वाटेवर मला आता मायलेक दोघांचाही संशय येत होता. एकानं वाढवलं, की एकीनं झाकलं?

घरी आल्यावर दोन्ही ओळी सासूबाईंना वाचून दाखवल्या. त्या दिवशी त्यांना सगळं आठवत होतं.

"त्यो काय बी म्हनंल. मी सांगितलं त्येच छाप. त्याला सांगायचं आसंल तर त्यानं त्याचं बुक काढावं." मग थांबून म्हणाल्या, "पर मागनं भाकरी समदी खाल्ली त्यानं. त्ये लिवलंस का?"

ते लिहिलेलं नव्हतं. नंतरची भर म्हणून तेही कंसात लिहिलं. दिरांना मी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

पुस्तिकेत सासूबाईंची ओळ छापली आहे. आता छापील प्रती तीनच आहेत, दोन माझ्याकडे, एक सांगलीला. फ्लॉप्या उघडत नाहीत. अक्षरांच्या तक्त्याची वही आणि दिरांच्या पेन्सिलीतली ओळ असलेलं ते पान माझ्या कपाटात आहे.