कडी काढलेलं फाटक

माझ्या धाकट्या मामाइतका संशयी माणूस सबंध भाट्ये पंचक्रोशीत झाला नसेल. फाटकाशी कुणीही आलं की आतून प्रश्न यायचा, "कोण? कुणाचा? कुठला?" मी सख्खा भाचा, त्याच्या खांद्यावर बसून वाढलेला, पण मलाही स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगितल्याशिवाय कडी निघत नसे. मासेवाली तर एकदा कावून ओरडली, "नाव-गाव सांगून होईस्तोवर बांगडा नासेल हो!" मामाचं म्हणणं असं, की तिन्हीसांजेला दारात जे येतं त्याला हाक मारता येते, पण आपलं पूर्ण नाव सांगता येत नाही. सांगितलं तर माणूस. मामीलाही सूट नव्हती. सुरंगीच्या फुलांचा गजरा, आमच्याकडचा वळेसर, घेऊन ती बाजारातून यायची, फाटकाबाहेरूनच नाव-गाव घडाघडा म्हणायची आणि वर विचारायची, "आता उखाणा घेऊ काय?"

मामा मुंबईतल्या एका जहाज कंपनीचा जुना सी प्लस प्लस प्रोग्रॅम घरबसल्या सांभाळतो. तिथेही हाच खाक्या. टेम्प्लेट म्हणजे साचा; त्यात कोणत्या प्रकारचा माल ओतलाय ते मामा ओळीओळीत, कंसात कंस घालून, सविस्तर लिहायचा. त्याची एक ओळ वाचेपर्यंत चहा निवायचा. कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारे नवे कंपायलर बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडची किंमत बघून प्रकार आपला आपण ओळखतात, 'ऑटो' एवढं लिहिलं की पुरतं, हे मी सांगून दमलो. "ओळख विचारल्याशिवाय आत घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही," हे त्यावर उत्तर.

मग मामी गेली. दिवसकार्य आटोपलं आणि मामानं तो प्रोग्रॅम उघडून लांबलचक नावं खोडायला सुरुवात केली. जिकडेतिकडे 'ऑटो'. कोड आटून सुटसुटीत झाला. त्याच आठवड्यात त्यानं फाटकाची कडीही उपटून काढली.

"मामा, आता कोण आलं ते कळणार कसं?"

"लिहिलं नाही म्हणून प्रकार नसतो होय रे? असतो, अगदी पक्का असतो. काय आणलंय ते बघायचं, कोण ते कळतं."

होळीच्या सुमारास एका संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो होतो. वारा पडलेला, माडाचं पातं हलत नव्हतं. फाटक करकरलं आणि उघडलं. बाहेर पाणंदीच्या वाटेवर कुणी नाही. मग सुरंगीचा वास आला, पायरीपर्यंत, पडवीपर्यंत. जवळपास सुरंगीचं झाड नाही. लॅपटॉपवरची नजर न काढता मामा म्हणाला, "आलीस? बस." कुत्रा शेपूट हलवत झोपाळ्याकडे गेला. झोपाळा हलकेच हलू लागला. माझ्या अंगावर काटा आला, तो घरी पोचेपर्यंत गेला नाही.

परवा आषाढात पुन्हा तसंच फाटक उघडलं. सुरंगीचा हंगाम कधीच सरलेला. वास नाही, काही नाही. कुत्रा जागचा हलला नाही. मामाची बोटं थांबली.

"मामा, फाटक दोरीनं बांधून टाकू? कुणीही असेल." माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"उजवीकडे काहीच नसलं तर कंपायलर अडतो," मामा हळूच म्हणाला. "रिकाम्यावरून त्याला ओळखता येत नाही."

मग त्यानं झोपाळ्यावरची माझी पिशवी उचलून खाली ठेवली.

"मला येतं. फुलं संपली म्हणून ती यायची थांबेल काय?"

खरं सांगतो, मला भीती वाटत होती, आणि रडूही येत होतं. निघताना मी फाटक उघडंच ठेवलं.