पोलिसांचा दाखला आणि पाच पायऱ्या

साल एकोणीसशे शहात्तर, मी सव्वीस वर्षांचा. दहिवडीच्या एस.टी. स्टँडवर माझ्या गळ्यात झेंडूचे तीन हार आणि तोंडावर इतका गुलाल की कंडक्टरनं विचारलं, "निवडून आलास का रं गड्या?" माण तालुक्यातल्या आमच्या गावातनं मुंबईला गेलेले पुष्कळ होते. पण समुद्रापलीकडं, मस्कतला, जाणारा मी पहिला. गवंडी माणूस, चौथी शिकलेला. गाडी हलेपर्यंत हलगी वाजत होती. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "पोचल्यावर कागद धाड."

पाचव्या दिवशी मी परत आलो. स्टँडवर उतरायची लाज वाटली, म्हणून अलीकडच्या फाट्यावर उतरलो आणि ओढ्यातनं घर गाठलं.

झालं होतं असं. पासपोर्ट एजंटनं काढून दिला होता, मुंबईतल्या चुलत्याच्या खोलीच्या पत्त्यावर. पण मुंबईत पोचल्यावर कळलं, मस्कतच्या कंपनीला मूळ गावचा पोलिसांचा दाखला हवा होता, की हा माणूस चोर-दरोडेखोर नाही. त्याशिवाय व्हिसा नाही. "वीस दिवसांत आण," एजंट म्हणाला, "नाहीतर तुझ्या जागी पाटणचा एक जण तयार बसलाय." त्या पाटणच्याला मी जन्मात पाहिलं नाही, पण त्या दिवसापासून माझं त्याच्याशी वैर.

साताऱ्याला जाऊन अर्ज दिला. गावात हवालदार चौकशीला येईल म्हणाले. मी म्हटलं, येऊ द्या, अख्खं गाव मला ओळखतं. आणि रहिमतपूरला एका घराचं काम अर्धं सोडलेलं, ते संपवायला निघून गेलो. हवालदार येणार हे घरी बोललो नाही. आईच्या जिवाला घोर नको म्हटलं. चूक झाली ती तिथंच.

आताच्या पोरांना सांगावं लागेल. ते साल नसबंदीच्या शिबिरांचं. सरकारी जीप दिसली की गावातले बाप्ये रानात पळायचे. खाकीतला माणूस कागदात बघून कुणाचं नाव घ्यायला लागला की सगळ्यांचं उत्तर एकच, असा माणूस इथं नाही. कुणी मीटिंग घेऊन ठरवलं नव्हतं, पण भाऊबंदकीतले वैरीसुद्धा तेवढं पाळायचे.

हवालदार आला. चहावाला म्हणाला, "सोपान माने? नाव नवीनच ऐकतुय." पारावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "हुता एक. मेला. लय वर्सं झाली." शेवटी गडी आमच्या दारात. आई म्हणाली, "मला तीन लेकीच. ल्योक न्हाई." हवालदारानं दोरीवर वाळत घातलेला माझा सदरा दाखवला. "मग ह्यो कुणाचा, म्हातारे?"

"बुजगावण्याचा," आई म्हणाली.

मी रहिमतपूरहून आलो तर तिला कोण आनंद. "वाचवलं बग तुला!" म्हणाली. मी उंबऱ्यावरच खाली बसलो.

साताऱ्याच्या कारकुनानं कागद वाचून दाखवला. असा इसम गावात राहत नाही.

"सायेब, मी हितं उबा हाय की."

"तू उभा आहेस रे. पण कागदावर एक तर तू नाहीस, नाहीतर मेलायस. त्याला मी काय करू? पोलीस पाटलाचा दाखला आण."

चौकशीच्या दिवशी आमचा पोलीस पाटील लेकीकडं सांगलीला गेला होता, म्हणून त्याची साक्ष राहिली होती. आता विसातले सात दिवस उरले होते आणि माझं मस्कत त्या एका माणसाच्या हातात होतं. नेमकं त्याच्याशी मी चार वर्षं बोलत नव्हतो.

कारण कुस्ती. गावच्या जत्रेत म्हसवडकडच्या एका पैलवानाला मी चितपट केला. दोन्ही खांदे मातीला टेकले, हजार माणसांनी बघितलं. पंच आमचा पोलीस पाटील, सगळे त्याला आबा म्हणत. त्यानं हात वर केला आणि म्हणाला, बरोबरीत सुटली. मी तिथंच सगळ्यांसमक्ष बोललो, "आबा, तुमची पायरी पुन्हा चढणार न्हाई." त्या पायऱ्या तरी कुणी बांधल्या? मीच. पाच घडीव दगडी पायऱ्या, माझ्या हातच्या. आजही एक दगड हललेला नाही, जाऊन बघा.

तर मी त्या पायऱ्यांच्या खाली जाऊन उभा राहिलो. बरोबर आई. आबा वर ओसरीत पान लावत बसलेला.

"आबा, दाखला पायजे."

"वर यं."

"हितनंच मागतुय."

"दाखला वर मिळतो. खाली लोक चपला ठेवतात."

मी हललो नाही. उन्हं डोक्यावर आली. बायका पाण्याला जाता जाता थांबल्या, त्यांच्या घागरी रिकाम्याच राहिल्या. काकींनी, म्हणजे आबाच्या बायकोनं, मला खाली येऊन पाणी दिलं आणि वर जाऊन नवऱ्याला बोलल्या, "आवं, दोघंबी बैल हायसा."

मग आबा म्हणाला, "पायरी ऱ्हाऊ दे. एवढंच म्हण, कुस्ती बरोबरीत सुटली. लगीच सही करतो."

"म्हण की रं," आई म्हणाली. "तुजी जीभ झिजती व्हय?"

तिनं माझ्यासाठी पोटचा पोरगा नाकारला होता, तिला हे काय अवघड वाटणार? माझ्या डोळ्यांपुढं मस्कत आलं, पाटणचा तो गडी विमानात बसताना दिसला.

"खांदे टेकलं हुतं, आबा."

"मस्कत जाईल."

"गेलं तर गेलं."

आईनं कपाळ बडवलं. आबानं पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत बसला. कागद काकींच्या हातून खाली आला. छापील अक्षर मी लावून लावून वाचायचो, पण आबाचं वळणदार लिहिणं मला काही लागेना. आईला म्हटलं, ह्यानं माझं वाटोळंच लिहिलं असणार. तरी कागद घेऊन साताऱ्याला गेलो, दुसरं होतं काय?

कारकुनानं मोठ्यानं वाचला. "सदर इसम गावचाच असून जिवंत आहे. जन्मापासून ओळखतो. चोरी, दारू, मारामारी नाही. खोटे बोलत नाही. स्वतःचे नुकसान होत असताना, मी समक्ष बोलायला सांगूनही बोलला नाही. वर्तन चांगले. स्वभाव हट्टी."

कारकून हसला, त्यानं पलीकडच्या टेबलावरच्या साहेबाला हाक मारून ऐकवलं, तोही हसला. मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांत काय गेलं होतं कोण जाणे. तिसऱ्या दिवशी दाखला हातात पडला.

मस्कतला चोवीस वर्षं काढली. साइट, शटरिंग, ओव्हरटाइम. उकाडा असा की गिलाव्यावर पाणी मारून वळेपर्यंत तो कोरडा. फोरमन ओरडला की आम्ही मनात 'खल्ली वल्ली' म्हणायचो, म्हणजे जाऊ दे तिकडं. सुटलो तो सांगलीत ब्लॉक घेतला, कारण गावाला पाणी नाही आणि पोरांची कॉलेजं इथं. चौथा मजला, लिफ्ट आहे.

परवा माझी नात ऑस्ट्रेलियाला निघाली, वर्षभर फिरायचं आणि काम करून पोट भरायचं असा म्हणे व्हिसा आहे. तिलाही पोलिसांचा दाखला लागला. मी कडक इस्त्रीचा सदरा घालून तयार बसलो. हवालदार आला, मोबाइलवर फोटो काढला, समोरच्या ब्लॉकवाल्याची साक्षीला सही घेतली, दहा मिनिटांत गेला. सही करताना ब्लॉकवाल्यानं मला हळूच विचारलं, "काका, पोरीचं नाव काय?" अकरा वर्षं दारासमोर दार आहे आमचं.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्ही विचारता घर म्हणजे आता सांगली की माण? माझ्यासाठी सगळं गाव एका सुरात खोटं बोललं, आणि एकानं माझ्याविषयी खरं लिहिलं, मला न आवडणारा शेवटचा शब्दसुद्धा गाळला नाही. ते जिथं झालं तेच मी घर धरतो. आई, आबा, काकी, कुणीच राहिलं नाही आता. पायऱ्या आहेत.

तर दाखला घेऊन मी साताऱ्याहून गावात आलो तेव्हा दिवे लागले होते. पडून राहिलो, झोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, तो बुजगावण्याचा सदरा घातला आणि आबाच्या पाचही पायऱ्या चढून वर गेलो. त्याच्या पाया पडलो. काकींनी चहा दिला, तो प्यालो. कुस्तीचं कुणी काढलं नाही. मग पाचही पायऱ्या उतरून खाली आलो, वळलो, आणि म्हणालो, "आबा, येतो. पण खांदे टेकलं हुतं."