तीस सेकंदांच्या आत

सकाळी सातला दोन मिनिटं कमी असली की आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, असा नियम मी गेल्या वर्षी केला आणि महिनाभर रेटला. घर लातूरचं, माणसं तीन: मी, बायको आणि माझी थोरली बहीण अक्का. अक्कांची शिवपूजा नेमकी त्याच वेळी उरकत यायची, आणि त्यांना मोठ्यानं मंत्र म्हटल्याशिवाय पूजा लागू होत नाही असं वाटतं. मी त्यांना ती दोन मिनिटं मनात म्हणायला सांगितली. "देव बहिरा न्हाई रे, पर मी बहिरी हाय," त्या म्हणाल्या. पण गप्प बसायच्या.

हे सगळं एका मनगटी घड्याळासाठी. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, रोज चावी द्यायचं घड्याळ. ते टेबलावर ठेवायचं, शेजारी मोबाइल ठेवायचा, मोबाइलवर बरोबर सात वाजले की घड्याळात किती वाजलेत ते सेकंदासकट वहीत लिहायचं. मग चावी द्यायची आणि घड्याळ परत तिथंच ठेवायचं. एवढंच काम होतं. पण कोणतंही एवढंसं काम मी एवढंसं राहू देत नाही, असं बायकोचं म्हणणं आहे.

त्याला कारण माझी नोकरी. पाटबंधारे खात्यात मी तीस वर्षं तलावांच्या पाण्याची पातळी लिहिली. भोकर, मुदखेड, इस्लापूर, जिकडं बदली होईल तिकडं. तलाव कोरडा ठणठणीत असला तरी रोज आठच्या ठोक्याला जाऊन शून्य लिहायचं. एक साहेब मला म्हणाले होते, "रोज शून्य काय लिहिता, खाली 'वरीलप्रमाणे' अशी खूण करा." मी केली नाही. कालचं शून्य कालचं, आजचं आजचं. साहेबांनी माझ्यापुढं हात टेकले.

आता घड्याळाकडं येतो. नोकरीत असताना माझं कुटुंब नांदेडला भाड्यानं राहायचं, आणि आमच्या खोल्यांच्या बरोबर खाली चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. अख्खी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. इस्लापूरहून मी फोन करायचो तो त्यांच्या दुकानात, आणि "भाभी, साबचा फोन!" असं ओरडत ते जिना चढून यायचे. माझ्या मुलीला न्यूमोनिया झाला तेव्हा दुकान उघडं टाकून तिला दवाखान्यात नेणारे तेच. त्या दिवशी मी इस्लापूरला पाण्याची पातळी लिहीत होतो. हे बायको मला अजून महिन्यातून एकदा तरी ऐकवते, आणि तिचं चूक नाही.

गेल्या वर्षी मी नांदेडला गेलो तेव्हा चाचांनी माझं घड्याळ खोलून, साफ करून, तेल घालून परत दिलं. सोबत एक कामही दिलं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलगा हैदराबादला बोलवत होता. चाचांना जायचं नव्हतं. पंचावन्न वर्षं ज्या स्टुलावर बसलो ते सोडून तिथं आठव्या मजल्यावर काय कबुतरं मोजू, म्हणाले. पण आपलं काम आता पूर्वीसारखं होतंय का, याचा त्यांना भरवसा वाटेना.

"साब, म्हैनाभर घरी टाइम टिपा," ते म्हणाले. "रोजचा फरक तीस सेकंदांच्या आत आला तर दुकान चालू. त्याच्या वर गेला तर कुलूप. जुन्या चावीच्या घड्याळाला तीस लई झाले. तेवढंबी जमत नसंल तर लोकांच्या घड्याळांना हात लावायचा मला हक न्हाई."

मी म्हटलं, आजकाल टिकटिक ऐकून चाल सांगणारं यंत्र मिळतं, मोबाइलमध्येसुद्धा असतं म्हणे. चाचा म्हणाले, "दहा मिनिटं ऐकून माणसाची चाल कळती का? मग घड्याळाची कशी कळंल?"

तर असं होतं. माझ्या वहीवर एका माणसाचं दुकान लटकलं होतं.

पहिले तीन दिवस मी नुसतं बघितलं, वहीत लिहिलं नाही. यंत्राला नव्या जागी बसायला वेळ द्यावा, ही आमच्या खात्याची शिस्त. त्या तीन दिवसांत घड्याळ रोज बेचाळीस सेकंद मागं पडलं. पहिल्या दिवशी बेचाळीस, दुसऱ्या दिवशी बेचाळीस, तिसऱ्या दिवशीही तेवढंच. मी नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला खाता खाता म्हणालो, "मागं पडतंय. चाचांचं काही खरं नाही." बायकोचा घास हातातच राहिला. अक्कांनी पुन्हा विचारलं, "किती मागं?" मी आकडा सांगितला आणि मोकळा झालो. त्याच सकाळी मिनिटकाटा जागेवर आणून मी पक्की नोंद सुरू केली.

आणि घड्याळ पुढं जायला लागलं.

आदल्या दिवसापर्यंत मागं पडणारं घड्याळ एका रात्रीत मिनिटभर पुढं. दुसऱ्या दिवशी अडीच मिनिटं. चौथ्या दिवशी पाच मिनिटांच्याही वर. मी चक्रावलो. टेबल हलतं का बघितलं, पायाखाली पुठ्ठा घातला. फ्रिज लांब सरकवला. मिक्सरची जागा बदलून तो न्हाणीघराजवळ नेला, तर चटणी वाटायला तिकडं जावं लागतं म्हणून बायकोनं अबोला धरला. नाश्त्याला मी जाहीर केलं, "घड्याळ पाच मिनिटं पुढं गेलंय!" दुसऱ्या दिवशी ते साडेपाच मिनिटं मागं. मी जाहीर केलं, "मागं!" तर त्याच्या पुढच्या दिवशी ते पुन्हा पुढं. जणू घड्याळाला माझं बोलणं कळत होतं आणि माझी जिरवायची होती.

मी एकेक आकडा इमानानं लिहीत राहिलो. एकदा सातला एक मिनिट कमी असताना नळाला पाणी आलं. आठ दिवसांनी आलेलं पाणी. बायको अंगणातून ओरडली, "अहो, मोटार लावा!" मी हललो नाही. "अहो, पाणी जाऊन राहिलं!" मी मोबाइलवरची नजर काढली नाही. अक्का पूजेवरून उठल्या आणि मोटारीचं बटण समजून त्यांनी मेन स्विच बंद केला. नोंद झाली. टाकी अर्धीच भरली. त्या आठवड्यात मला अंघोळीला अर्धी बादली मिळाली, आणि ती का, हे मी विचारलं नाही.

दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर चाचांचा फोन यायचा. "कैसा चल रहा साब?" मी म्हणायचो, "नोंद चालू आहे." चौथ्या शुक्रवारी ते म्हणाले, "मुलानं तिकीट बघून ठिवलंय. मी म्हनलं, थांब. साबची वही येऊ दे." फोन ठेवून मी वही उघडली. पाच पुढं आणि पाच मागं अशी वही मी त्यांच्या हातात कोणत्या तोंडानं देणार होतो?

मग मी ते केलं. दुपारी दोघी आडव्या झाल्या होत्या. त्या सकाळी घड्याळ पाच मिनिटं पुढं होतं. मी टेबलापाशी गेलो, चावी ओढली आणि मिनिटाचा काटा पाच घरं मागं घेतला. तीस वर्षांत जे केलं नाही ते केलं, आणि पाणी प्यायला बसलो. मनाला सांगितलं, ही खोट नाही, दुरुस्ती आहे.

दुसऱ्या दिवशी घड्याळ दहा मिनिटं मागं.

मी दुपारी दहा मिनिटं पुढं केलं. तिसऱ्या दिवशी ते वीस मिनिटं पुढं. मी वीस मागं केलं. चौथ्या दिवशी चाळीस मिनिटं मागं! आता मला भीती वाटायला लागली. अक्का म्हणाल्या, घड्याळाला नजर लागली, आणि त्यांनी त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. हेही मी वहीत शेरा म्हणून लिहिलं, कारण मोहरी उडून काचेवर पडली होती.

महिना भरायला एक दिवस उरला होता. चाळीस मिनिटांची दुरुस्ती करायला मी दुपारी तीनला पाय न वाजवता टेबलाकडं गेलो. तिथं बायको उभी. घड्याळ तिच्या हातात, चावी ओढलेली. ती दचकली, मी दचकलो. तेवढ्यात मागून अक्का आल्या, चप्पल हातात घेऊन, आवाज नको म्हणून.

"तुम्ही काय करून राहिलात हितं?" अक्कांनी विचारलं.

"तुम्ही काय करून राहिलात, ते आधी सांगा," बायको म्हणाली.

मग एकेकानं आपलं कबूल केलं. 'मागं पडतंय' असं मी पहिल्यांदा म्हणालो त्याच दिवसापासून बायको दुपारी काटा सारखा करत होती. अक्का तो दिवे लागायच्या वेळी सारखा करत होत्या; चाळीस मिनिटं ऐकून आज त्यांना तेवढा धीर निघाला नव्हता. एकीला दुसरीचं ठाऊक नव्हतं. पहिले चार दिवस दोघी रोज मिनिटभर पुढं करत राहिल्या, म्हणून ते पुढं पुढं गेलं. मग मी रोज नाश्त्याला चूक सांगायला लागलो आणि दोघी ती पुरतीच्या पुरती दुरुस्त करायच्या, म्हणून पाच पुढंचं पाच मागं. नंतर मी तिसरा सामील झालो, तेव्हापासून दुप्पट. आम्ही तिघांनी मिळून, मनापासून, चाचांच्या घड्याळाचं वाटोळं केलं होतं. अक्का मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. बायको रडायला लागली. मला दोन्ही जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या बसनं आम्ही तिघं नांदेडला निघालो. म्हणून शेवटच्या दिवसाची नोंद नाही.  लोह्याच्या स्टँडवर बायको म्हणाली, सगळं खरं सांगून माफी मागू. अक्का म्हणाल्या, हाव, मागू.

चाचांनी आमचं सगळं ऐकलं; पहिले तीन दिवस मात्र मी नुसते बघितले एवढंच सांगितलं, आकडा नाही. मीठ-मोहऱ्यांपर्यंत आलो तेव्हा ते डोळ्याचं भिंग काढून हसले, इतके की शेजारचा पानवाला डोकावून गेला. "म्हंजे माझ्या एका घड्याळाला तीन तीन मेकॅनिक!" मग त्यांनी वही घेतली. डाव्या हातानं पानं उलटली. मिनिटांचा रकाना बघितलाच नाही. बोट ठेवलं ते सेकंदांवर.

"बारा. तीस. अठ्ठेचाळीस. सहा. चोवीस," ते पुटपुटत राहिले. "साब, चावी ओढून फिरवलं तर मिनिटाचा काटा फिरतो. सेकंदाचा फिरत न्हाई. तुम्ही तिघांनी कितीबी फिरवा, ह्यो आपल्या चालीनं चालला. रोज अठराचं पाऊल. एक दिवस चुकलं न्हाई."

महिनाभर मी तो आकडा स्वतःच्या हातानं लिहीत होतो, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"पर एक अडचण हाय," चाचा म्हणाले. "सेकंदाचा काटा गोल फिरतो. रोज अठरा पुढं गेला तरी हेच आकडे येतेत, आणि रोज बेचाळीस मागं पडला तरी हेच येतेत. खरं काय ते मिनिटाच्या काट्यानं सांगितलं असतं. त्याची तर तुम्ही वाट लावली." त्यांनी वही मिटली. "अठरा पुढं असलं तर तीसच्या आत. तुम्ही आधी तीन दिवस बघितलं म्हनलात. पुढं का मागं?"

"पुढं!" अक्का म्हणाल्या. माफी मागायला आलेल्या अक्का.

"पुढंच," बायको म्हणाली. तिनं काउंटरच्या आड माझा दंड धरला होता, नखं रुतत होती. "न्हाई तर अजून एक म्हैना टिपू ना चाचा."

"न्हाई भाभी. तुमच्या घरात घड्याळाचा जीव जाईल." ते तिच्याकडं बघून हसले, पण थांबले होते माझ्या उत्तरासाठी. "मुलगा म्हणतो, अब्बा, हात अजून पक्का हाय. त्याला मला दुखवायचं न्हाई. गिऱ्हाईक म्हणतेत, झकास चाललंय चाचा, आणि दुसरीकडं दाखवून येतेत. मला ठाऊक हाय. खरं सांगणारं एक माणूस पायजे होतं, म्हणून तुम्हाला त्रास दिला."

'पुढं' म्हणायला काहीच लागत नव्हतं. वहीत पुरावा नव्हता. त्या तीन दिवसांचा आकडा आमच्या तिघांच्या डोक्यात तेवढा होता. मी ते म्हणणारही होतो. माझ्या मुलीला उचलून नेणारा माणूस समोर बसला होता.

"मागं," मी म्हणालो.

बायकोनं माझा दंड सोडला. अक्का रस्त्याकडं बघायला लागल्या. मला स्वतःचा इतका राग आला की उठून चालू पडावंसं वाटलं.

चाचांनी डाव्या हातानं वही माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "शुक्रिया साब," आणि समोरच्या हॉटेलकडं बघून चार चहा सांगितले. इतका वेळ त्यांचा उजवा हात शेरवानीच्या खिशात होता. चहा आला तेव्हा त्यांनी तो बाहेर काढला. कप दोन्ही हातांनी धरला, तरी अर्धा चहा बशीत सांडला. आम्ही तिघंही बघत होतो, आणि त्यांनी आम्हाला बघू दिलं.