काळ्या-पांढऱ्याचा परवाना

किल्टब्रॅकमध्ये टीव्ही घरोघरी होता, त्याचा दरवर्षी फी भरून काढायचा परवाना मात्र निम्म्या घरांतही नसेल. आणि त्याची लाज कुणालाच नव्हती. पश्चिम आयर्लंडातल्या त्या गावात चर्चमधला रविवारचा मिस्सा चुकवला तर लोक वर्षभर नावं ठेवायचे, पण टीव्हीची फी बुडवली तर पाठ थोपटायचे.

"जाहिराती बघायचे पैसे आपण द्यायचे होय? उलट त्यांनीच आपल्याला द्यायला हवेत," पब चालवणारी नोनी मल्हर्न म्हणायची, आणि समोरची सगळी टोपीवाली डोकी डोलायची. तपासनिसाची गाडी दूध डेअरीच्या वळणावर दिसली, की डेअरीतून फोन जायचे आणि पाव तासात गावातले टीव्ही घोंगड्यांखाली गडप व्हायचे. छपरावरचा अँटेना तेवढा झाकता यायचा नाही. त्याबद्दल विचारलं तर "आधीच्या भाडेकरूचा राहिलाय," असं सांगायचे. ज्या घरांत चार पिढ्यांत भाडेकरू राहिला नव्हता, तीही हेच सांगायची.

या गावाच्या पोस्टात परवाने विकायचं काम अट्रॅक्टा क्रीगनकडे होतं. वय एक्कावन्न, लग्न केलेलं नाही, चष्मा साखळीला अडकवलेला. काउंटरमागे एक दार आणि दारामागे तिची बसायची खोली, एवढाच तिचा संसार. "कायदा म्हणजे कायदा," ती रांगेतल्या माणसांना ऐकवायची. लोक मान खाली घालायचे आणि बाहेर जाऊन हसायचे.

तिचं स्वतःचं काय होतं, हे कुणाला माहीत नव्हतं. एकोणीसशे एकोणऐंशीत पोप आयर्लंडला आले, त्या वर्षी तिच्या बॉस्टनच्या बहिणीने पैसे पाठवले आणि लिहिलं, 'निदान हा सोहळा तरी रंगांत बघ.' अट्रॅक्टाने दूरच्या शहरातून रंगीत टीव्ही आणवला, तोही मागच्या दाराने. त्या वर्षीचा काळ्या-पांढऱ्या टीव्हीचा स्वस्तातला परवाना तिने जूनमध्येच काढलेला होता. पुढच्या जूनमध्ये बदलू, असं तिने ठरवलं. पुढच्या जूनमध्ये वाटलं, आता रंगीतचा काढला तर मुख्य कचेरीतून विचारतील, टीव्ही कधी घेतला? मग राहिलं. एकदा राहिलं ते राहतच गेलं. दरवर्षी ती आपल्याच हाताने आपल्याच नावापुढे 'काळा-पांढरा' लिहायची, आणि लिहिताना तिचे कान तापायचे. अशी आठ वर्षं गेली.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये एका दुपारी तपासनीस हॅनिफी थेट पोस्टात आला. माणूस वाईट नव्हता. पन्नाशीचा, थकलेला, डाव्या पोटरीला कुत्रा चावल्याची खूण असलेला. वाऱ्याने त्याचे हात निळे पडले होते.

"मिस क्रीगन, घोटभर चहा मिळेल का? आत शेकोटीजवळ दोन मिनिटं बसतो. या गावात मला दुसरं कोण बसवून घेणार?"

दाराच्या फटीतून घोड्यांच्या शर्यतीचा आवाज येत होता. अट्रॅक्टाला शर्यतींचं वेड होतं. आत पडद्यावर जॉकींचे लाल, पिवळे, जांभळे सदरे धावत होते. हॅनिफीने काउंटरची फळी उचलायला हात पुढे केला, आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"इथे बसून तुमचा दिवस जायचा, मिस्टर हॅनिफी. आधी टेकडीवर बार्टली लॅव्हिनकडे जाऊन या. परवाना काळ्या-पांढऱ्याचा आहे त्याच्याकडे, पण नाताळात भाचीने रंगीत टीव्ही आणून दिलाय. आत्ता घरीच सापडेल."

हॅनिफीने तिच्याकडे जरा चमकूनच पाहिलं. इतक्या वर्षांत किल्टब्रॅकमध्ये कुणी त्याला कुणाचं नाव सांगितलं नव्हतं. "आभारी आहे," म्हणून तो गेला. अट्रॅक्टाने आत जाऊन टीव्ही बंद केला. शर्यत कोण जिंकलं ते तिने पाहिलं नाही.

बार्टली लॅव्हिन अठ्ठावन्न वर्षांचा, एकटा, नऊ गायींचा धनी. त्याच्याकडे फोन नव्हता, त्यामुळे डेअरीची खबर त्याला पोचली नाही. पोचली असती तरी त्याने घोंगडी शोधली नसती. परवाना भिंतीवर खिळ्याला लावलेला होता, मग भ्यायचं कशाला? त्याने हॅनिफीला आत घेतलं, चहा दिला, अंडं उकडून दिलं, आणि टीव्ही दाखवा म्हटल्यावर आनंदाने लावूनही दाखवला.

तीन आठवड्यांनी कोर्टाचं समन्स आलं. ते घेऊन बार्टली पोस्टात आला आणि रांग संपेपर्यंत कोपऱ्यात उभा राहिला.

"अट्रॅक्टा, हे काय लिहिलंय बघ गं. तुला यातलं कळतं." तिने वाचलं आणि समजावून सांगितलं. तो म्हणाला, "कुणीतरी चुगली केली असं नोनी म्हणते. मी म्हटलं, खुळी का तू? आपल्या गावात असं कोण करील?" मग टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "माझ्याबरोबर येशील कोर्टात? मी कधी गेलो नाही तिथे. तू असलीस म्हणजे बरं."

ती हो म्हणाली. नाही म्हणायला तिला तोंडच नव्हतं.

कोर्टात त्या दिवशी परवान्याची वीस-बावीस प्रकरणं होती. लोक पुढे येत, काहीतरी सबब सांगत, दंड ऐकत आणि डोळे मिचकावत परत जात. बार्टलीची पाळी आली तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, "टीव्ही रंगीत आहे, हे मान्य आहे?"

"मला सांगता यायचं नाही, साहेब."

"म्हणजे?"

"भाची म्हणते रंगीत आहे. मला तो आधीच्यासारखाच दिसतो." मागे हशा पिकला. बार्टलीची मान लाल झाली. "मला रंग कळत नाहीत, साहेब. लाल, हिरवा, सगळं सारखंच. मला वाटलं, मला दिसतच नाही त्याचे जास्तीचे पैसे कशाला?"

न्यायाधीशांनी समोरची फाईल उचलून धरली. "ही कुठल्या रंगाची?"

बार्टलीने बराच वेळ पाहिलं. "मातकट?"

फाईल गवतासारखी हिरवीगार होती, आयर्लंडच्या राष्ट्रीय रंगाची. कोर्ट खो खो हसलं. "हिरवा रंग न दिसणारा आयरिश माणूस मी आज पहिल्यांदाच पाहतोय," न्यायाधीश म्हणाले. पुन्हा हशा. वीस पौंड दंड. अट्रॅक्टा तिसऱ्या बाकावर होती. 'याचं नाव मी दिलं, आणि माझ्याकडेही तसाच टीव्ही आहे,' एवढी दोन वाक्यं बोलायची होती. ती उठली नाही. पुढच्या बाकावरच्या बाईच्या कोटाचं बटण बघत बसली.

परतताना बार्टलीने तिला हॉटेलात नेऊन हॅमचं सँडविच खायला घातलं. "आलीस म्हणून धीर आला," तो म्हणाला. तिने सँडविच तसंच बशीत ठेवलं.

न्यायाधीशांचं ते वाक्य पुढच्या आठवड्यात पेपरात मथळा होऊन आलं. गाव बार्टलीवर बेहद्द खूश झालं. नोनीने त्याला फुकट ग्लास भरून दिला. "काय सबब काढलीस रे गड्या! आम्हाला कुणालाच सुचली नाही!" मग कुणीतरी गळ्यातला मफलर काढून त्याच्यापुढे धरला. "हा कुठला रंग, बार्टली?" दुसऱ्याने मोजा धरला. बार्टली दोन शनिवार हसला. तिसऱ्या शनिवारी तो पबात आला नाही, आणि त्यानंतर कधीच आला नाही.

मे महिन्यात अट्रॅक्टा टेकडी चढून त्याच्याकडे गेली. तो गोठ्याच्या दारात बादली धूत होता. तिने प्रस्तावना केली नाही.

"बार्टली, हॅनिफीला मी सांगितलं. माझाही टीव्ही रंगीत आहे. आठ वर्षं. तो आत येऊन बघेल म्हणून मी त्याला तुझ्याकडे धाडला."

बार्टलीने बादली पालथी घातली.

"ते वीस पौंड मी–" ती म्हणाली.

"पैशाचं बोलू नकोस." त्याचा आवाज चढला नव्हता. "अठरा वर्षांचा होतो तेव्हा मला रेल्वेत लागायचं होतं. त्यांनी समोर लोकरीच्या गुंड्या ठेवल्या, म्हणाले लाल काढ. मला काढता आली नाही. घरी येऊन मी आईला सांगितलं, वशिल्याचा पोरगा घेतला म्हणून. आई मरेपर्यंत त्या स्टेशन मास्तराला शिव्या घालत होती. चाळीस वर्षं, अट्रॅक्टा, एकाही माणसाला हे ठाऊक नव्हतं. भाचीलाही नाही."

"मला माहीत नव्हतं रे."

"तुला कसं माहीत असणार? मी कुणाला कळूच दिलं नव्हतं." त्याने गोठ्याचं दार लावून घेतलं. "तुझ्याबद्दल मी कुणाला सांगणार नाही. पण आता तू जा."

जूनमध्ये परवान्याची मुदत संपली, तेव्हा अट्रॅक्टाने भर रांगेसमोर स्वतःच्या नावाचा रंगीत टीव्हीचा परवाना काढला आणि मोठ्याने सांगितलं, "मी आठ वर्षं काळ्या-पांढऱ्याचा काढत होते. मुख्य कचेरीला तसं पत्र टाकलंय." जीव मुठीत धरून ती उभी राहिली.

नोनी आधी हसली, मग सगळी रांग. "अगं बाई, तूसुद्धा? आणि आम्हाला कायदा शिकवत होतीस होय!" कुणीतरी टाळी वाजवली. त्या दिवसापासून लोक तिच्याशी जास्त मोकळेपणाने बोलू लागले. कचेरीने फरक भरून घेतला आणि एक कोरडं पत्र पाठवलं. तेवढ्यावर भागलं. बार्टलीचं नाव मात्र त्या रांगेसमोर तिच्या तोंडून निघालं नाही. चुगली आपणच केली हे सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं, हे तिला चांगलं कळत होतं.

बार्टली दर मंगळवारी सरकारी भत्ता घ्यायला पोस्टात यायचा. आता तो सायकलवरून सात मैल लांबच्या गावी जाऊ लागला, थंडीवाऱ्यातही. मंगळवारी सकाळी काउंटरवरून तिला रस्ता दिसायचा, आणि तो पोस्टासमोरून मान न वळवता जायचा. मिस्सानंतर समोरासमोर आलाच तर टोपीला हात लावायचा. असं त्याच्या गुडघ्यांनी दगा देईपर्यंत चाललं. मग भत्ता घेऊन यायला तो शेजाऱ्याला पाठवू लागला, तेही त्या लांबच्याच गावी.

अकरा वर्षांनी तो वारला. अट्रॅक्टा तोवर निवृत्त झाली होती. दफनानंतर लोक शाळेच्या हॉलमध्ये चहा घेत होते, तेव्हा बार्टलीची भाची ऊना गर्दीतून वाट काढत तिच्याकडे आली आणि तिने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"मिस क्रीगन, तुमचे आभार मानायचे राहिलेत. तुम्ही मामाबरोबर कोर्टात गेला होतात ना? तो दर वेळी सांगायचा. म्हणायचा, सगळं कोर्ट हसलं, ती एकटी हसली नाही."

भोवती चार बायका उभ्या होत्या. "किती चांगलं केलंत," त्यांतली एक म्हणाली. अट्रॅक्टाने आपले हात सोडवून घेतले. ऊनाने तिला खुर्ची दिली, चहा आणून दिला, वर केकचा तुकडा ठेवला. ती तो केक हातात धरून बसली. हॉल रिकामा होईपर्यंत तिला कुणाच्या तोंडाकडे बघवलं नाही.