मिलिटरी टायर आणि वाफसा

मला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. आई म्हणायची, हा पाळण्यातसुद्धा दोन घटका एका कुशीवर राहिला नाही. फाट्यावर उशिरा येणारी एसटी, उकळायला वेळ लावणारा चहा, लांबलचक भाषण करणारा पाहुणा, या सगळ्यांचा मला सारखाच राग येई. म्हणून बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा घरात कोणालाच नवल वाटलं नाही. जीपचा मागचा भाग कापून कोणीतरी पत्र्याचा डाला बसवला होता. पुढं तीन माणसं, मागं दहा पोती नाहीतर जमतील तितकी माणसं. कामरगाव ते कारंजा अशा माझ्या खेपा सुरू झाल्या.

गाडी बरी होती, टायर मात्र संपले होते. हाताला गुळगुळीत लागत. कारंज्याच्या मिस्त्रीनं माझ्यापुढं दोन प्रकार ठेवले. एक सरळ रेघांचे, डांबरी रस्त्याचे. दुसरे मिलिटरी टायर, तळहाताएवढ्या जाड ठोकळ्यांचे, मधल्या खाचांत दोन बोटं जातील असे. ते दुसरे पाहिले आणि माझा जीव त्यांच्यावरच जडला. उभे केलेले टायर पैलवानासारखे दिसत होते.

मिस्त्री म्हातारा होता, पानानं ओठ लाल. तो म्हणाला, "भाऊ, मुरूम, रेती, गोटे, सगळ्यात हे एक नंबर. पन काळ्या मातीचा भरोसा धरू नको. तिथं टायर नाई चालत, टाइम चालते."

मी हसलो. विकणाराच मालाला नावं ठेवतो म्हणजे माल नक्की चांगला असणार, असा माझा उलटा हिशेब.

बायकोला बरोबर नेलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. ती माहेरी डी.एड. होऊन आली होती आणि तेव्हापासून मास्तरणीच्या ऑर्डरची वाट पाहत होती. तिनं दोन्ही टायरांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आपल्याले धंदा डांबरी रोडवर करा लागते. मंग हे डोंगर चढाचे टायर कायले?"

"कुठंबी जाता येते," मी म्हणालो.

"आपल्याले कुठं जाचं हाय?"

मी मिस्त्रीकडं वळलो आणि पैसे मोजले. मिलिटरी टायरच घेतले.

त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. डांबरी रस्त्यावर चाळीसचा वेग गाठला की चाकं घूंऽऽ करून घोंगावायला लागत. फाट्यावर गाडी यायच्या आधी आवाज येई. लोक म्हणत, "चला, गोमाशी आली." रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेची माणसं नेली, तेव्हा एक आजी कारंज्यापासून कानात बोटं घालून बसली होती; उतरताना म्हणाली, "देवी पावो न पावो बापा, मले येताना एसटीनं येऊ दे." स्टेअरिंग जड, पेट्रोल जास्त, ओल्या डांबरावर गाडी मागून नाचायची. खाचांत गोटे अडकत आणि टकटक वाजत. ते काढायला मी एक लांब स्क्रू ड्रायव्हर ठेवला होता. जिथं थांबेन तिथं उकिडवा बसून चाकं कोरायचो. माझ्या हाताला तेवढाच चाळा. बायको म्हणे, "दातं काय कोरून राह्यले तिचे!"

पण नाल्याच्या रेतीतून, मुरमाच्या चढावरून ती गाडी अशी जाई की माझी छाती दोन इंच फुगे. हे टायर घेऊन आपण चूक केली नाही, हे सगळ्यांना दाखवायची संधी मी शोधत असे. सगळ्यांना म्हणजे, खरं सांगायचं तर, तिलाच.

संधी आषाढात आली. आमच्या गावापासून डांबरी रस्त्यावर जायचा रपटा, नाल्यावरचा ठेंगणा पूल, पहिल्याच पुरात खचला होता. उरली ती काळ्या मातीतली पांदण, शेताशेतांमधून जाणारी दोन मैलांची बैलगाडीची वाट. गाडी आठ दिवसांपासून दारात उभी होती आणि मी तिच्याभोवती फेऱ्या मारत होतो. अशात एका संध्याकाळी माझा मेहुणा मांडीपर्यंत चिखलानं भरून आला. खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. बायकोची ऑर्डर होती. अर्जावर तिनं माहेरचा पत्ता दिला होता, म्हणून ती तिथं जाऊन पडली होती. आणि मेहुणा पेरणीत गुंतलेला. शाळा पोहरादेवीच्या पलीकडच्या एका गावी. सात दिवसांत रुजू व्हायचं, नाहीतर नाव रद्द. उद्या सातवा दिवस होता.

बाबांनी तो कागद दोनदा वाचून घेतला. ते स्वतः शाळेच्या पायरीवर बसून, बाहेरून ऐकून जेवढं शिकले तेवढंच. छपन्न साली त्यांनी दीक्षा घेतली आणि तेव्हापासून घरात एकच मंत्र, शिका. आमच्या वस्तीतली कोणी बाई आजवर मास्तरीण झाली नव्हती. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो, त्यामुळं बाबांची सगळी आशा सुनेवर होती. त्यांनी तिची ट्रंक स्वतः पुसून ठेवली.

सकाळी पाऊस नव्हता. आठला मी गाडी सुरू केली. बाबा पांदणीच्या तोंडाशी जाऊन वाकले, मूठभर माती उचलून दाबली आणि मूठ उघडली. मातीचा गोळा तसाच राहिला, बोटांचे ठसे घेऊन. आमच्याकडं पेरणीआधी, वखरणीआधी प्रत्येक माणूस हे करतो. गोळा फुटला तर वाफसा आला, चला वावरात. नाही फुटला तर घरी जाऊन बिडी ओढा. वाफशाशी भांडायचं नाही.

"वाफसा नाई," बाबा म्हणाले. "ऊन पडून राह्यलं. बारा वाजू दे. वरची माती सुकन, मंग चालला जाजो. चारच्या आत पोचशीन."

"वाफसा बैलाले लागते बाबा. टायराले नाई लागत."

"माती तर तेच हाय ना."

"आज शेवटचा दिवस हाय! बारापर्यंत काय तोंड पाहत बसू?"

बाबा माझ्या बायकोकडं पाहू लागले. तिनं मातीचा गोळा पाहिला, मग माझ्याकडं. तिला थांबायचं होतं हे मला दिसलं होतं. आजही मी कबूल करतो, दिसलं होतं. पण नवऱ्याला सासऱ्यासमोर खाली पाहायला लावायचं नाही म्हणून ती गुपचूप गाडीत बसली.

पहिली दोनशे पावलं गाडी मजेत गेली. मी तिला म्हणालो, "पाह्यलं?" ती ट्रंकेची कडी धरून बसली होती. मग स्टेअरिंग हलकं झालं. चिकट चिखल खाचांत शिरला आणि तिथंच बसला. ज्या खाचांवर माझा एवढा जीव, त्या भरून टायर पुन्हा गुळगुळीत झाले, अगदी जुन्यांसारखे. चिखल चाकावर चढत गेला, मडगार्डला जाऊन भिडला, आणि बरोबर मध्यावर गाडी थांबली. चाकं कसली, दळायची दगडी जातीच झाली होती.

तेव्हाच गप बसायला हवं होतं. मी रेस दिली. मागं घेतली, पुन्हा पुढं. जितकी घाई तितकी गाडी खाली, शेवटी आस मातीला टेकला. खाली उतरून मी हातानं चिखल ओढू लागलो, स्वतःला, मातीला, मिस्त्रीला शिव्या देत. "पाच मिनटं," मी म्हणत होतो. "पाच मिनटात काढतो." असं किती वेळा म्हणालो कोण जाणे. वर केलेलं तोंड तिनं एकदाही खाली केलं नाही. ती सूर्य पाहत होती.

मग ती उतरली. चपला काढून ट्रंकेत टाकल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, ऑर्डर पोलक्यात ठेवली.

"थांब ना, निघूनच राह्यली आता गाडी," मी म्हणालो.

"तुमची गाडी निघन तवा निघन. मी निघाली."

सीटवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून ती चालू लागली. आधी मला कळलंच नाही कशाला. वीस पावलांवर ती थांबली, एक पाय उचलून तळव्याला चिकटलेली शेरभर माती तिनं त्या स्क्रू ड्रायव्हरनं खरवडली, मग दुसऱ्या पायाची. पुन्हा वीस पावलं. पुन्हा खरवडणं. एक मैल ती अशी गेली, आणि मी चाकाशी उकिडवा बसून पाहत राहिलो. माझ्या हाताला काही कामच उरलं नव्हतं. बांधावरच्या बाभळीआड ती दिसेनाशी झाली तेव्हा मला रडू आलं, रागाचं की कशाचं ते मला आजही सांगता येणार नाही.

बाबा दुपारी बैलजोडी घेऊन आले. बसून खुरप्यानं चाकं मोकळी करू लागले, सावकाश, एकेक खाच. ऊन कडक होतं. आस मोकळा करण्यातच दोन वाजले. मग बाबांनी माती उचलली, दाबली, मूठ उघडली. गोळा वरवर का होईना फुटला. "हं," ते म्हणाले. बैल जुंपायची गरज पडली नाही. उरलेला मैल गाडी स्वतःच्या चाकांवर गेली. बारापर्यंत थांबलो असतो तर ती कोरड्या पायांनी, ट्रंकेसकट, चारच्या आत पोचली असती.

त्या दिवशी मी जशी गाडी हाणली तशी पुन्हा कधी हाणली नाही. रस्ताभर चाकं घोंगावत होती आणि डोक्यात एकच, एसटी मिळाली असेल का? कारंज्याला दुसरी मिळाली असेल का? शाळा पाचला सुटते. मी पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. शाळेला कुलूप. मी इमारतीला वळसा घालून मागं गेलो.

ती तिथल्या हातपंपावर होती, पाय धूत. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "आवाज आला तवाच समजली."

"सही झाली?"

"पाचले. हेडमास्तर कुलूप लावून राह्यले होते. माह्या पायाकडं पाह्यलं आन् परत उघडलं."

तिनं स्क्रू ड्रायव्हर धुतला, पदराला पुसला, माझ्या हातात दिला. मग समोर उभं राहून तिनं विचारलं, "खरं सांगा. मले पोचवाले निघाले होते, का टायर दाखवाले?"

दहा सबबी जिभेवर आल्या. तिच्या पोटऱ्यांवर अजून काळा चिखल होता.

"दाखवाले," मी म्हणालो.

"मंग दिसले," ती म्हणाली, आणि ट्रंक उतरवायला गाडीकडं गेली.

दिवाळीला मी सरळ रेघांचे टायर बसवले. तिनं सांगितलं नव्हतं. आठवडाभर ती शाळेच्याच गावी खोली घेऊन राही, शनिवारी दुपारी मी तिला आणायला जाई. गाडी आता गुपचूप येई, आणि ती डाल्याला टेकून मुलांच्या वह्या सांभाळत हसतही असे. राग धरायचा तिचा स्वभाव नव्हता. पण सोमवारी, जेव्हा वेळेवर पोचायचं असे, तेव्हा पहाटे उठून ती फाट्यापर्यंत चालत जाई आणि एसटीनं जाई. नोकरी संपेपर्यंत.